सागाचे मौन : उभ्या स्पीकरपेटीचा इतिहास आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे घर

१/
मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवानाची पहिली खेप अयोध्येकडे रवाना झाली. आलापल्लीच्या वनातील हे लाकूड राममंदिराच्या दारांसाठी निवडले गेले होते. ज्या मुलखाचा साग एवढ्या मानाने दूरदेशी जातो, तेथील एखाद्या घराने संगीत ऐकण्यासाठी जमिनीवर उभी राहणारी स्पीकरपेटी घ्यायचे किंवा गावच्या सुताराकडून करवून घ्यायचे ठरवले, तर मनात पहिले नाव सागाचेच येणार. ही निवड योग्य आहे का? उत्तरासाठी सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. धागा दीर्घ आहे, सावकाश वाचावा.

२/
प्रथम एक मूलभूत भेद. वाद्याचे लाकूड गाते. तंबोऱ्याची तबली तारेचे कंपन उचलते, वाढवते आणि त्यात स्वतःचा रंग मिसळते. शिवणीचे हलके लाकूड ढोलाच्या खोडासाठी वापरले जाते, तेही याच गुणासाठी. स्पीकरची पेटी मात्र वाद्य नव्हे. गायकाचा, तंबोऱ्याचा, डग्ग्याचा रंग ध्वनिमुद्रणात आधीच आलेला असतो. पेटीने त्यात स्वतःची भर घातली की मूळ गाणे बिघडते. म्हणून तिच्या लाकडाकडून अपेक्षा एकच : त्याने गप्प राहावे. उभ्या पेटीचा सारा इतिहास हा लाकडाला गप्प बसवण्याचा इतिहास आहे.

३/
नोव्हेंबर १९०२. कोलकात्यात फ्रेड गाइसबर्ग या ध्वनिमुद्रकासमोर गौहरजान गायल्या आणि भारतीय संगीत तबकडीवर आले. त्या काळी गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे. कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि सुई मेणावर रेषा कोरी. विजेचा कोठेही संबंध नव्हता. या पद्धतीत ढोबळमानाने २०० ते २,००० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरत असे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ, धरला तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. तो मूळ स्वर तबकडीवर येतच नव्हता.

४/
तरीही जुन्या तबकडीत खर्ज ‘ऐकू’ येतो. याचे कारण आपल्या श्रवणसंस्थेत आहे. ६९ हर्ट्झचा मूळ स्वर गाळला आणि १३८, २०७, २७६ हे त्याचे उपस्वर शिल्लक ठेवले, तरी मेंदू गाळलेला पाया स्वतः रचून घेतो. लहानशा ट्रान्झिस्टरवर ऐकलेले गाणे पिढ्यांनी मनात जपले, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र रचलेला पाया आणि छातीला जाणवणारा पाया यांत अंतर असतेच. उभ्या पेटीची ओढ त्या अंतरातून निर्माण होते.

५/
घरात जमिनीवर उभी राहणारी पहिली गाजलेली पेटी १९०६ ची. अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने ‘व्हिक्ट्रोला’ बाजारात आणला : सुमारे चार फूट उंचीचे महोगनीचे कपाट, किंमत २०० डॉलर. तत्पूर्वी ग्रामोफोनचा भोंगा यंत्राच्या डोक्यावर फुललेला असे. व्हिक्ट्रोलाने तो दुमडून कपाटात लपवला; आवाज कमी-अधिक करायचा तर कपाटाची दारे उघडायची किंवा लोटायची. हा बदल ध्वनीसाठी झालेला नव्हता. दिवाणखान्यात भोंगा बरा दिसत नाही, ही खरी तक्रार होती. पेटी जन्मली ती फर्निचर म्हणून, आणि ती सवय आजवर सुटलेली नाही.

६/
१९२५ हे वर्ष लक्षात ठेवावे. या वर्षी विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले, आणि याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी कागदी शंकू व चुंबकातील तारेचे वेटोळे यांवर चालणाऱ्या स्पीकरचा शोधनिबंध मांडला. आजचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. शंकूसाठी कागद निवडला गेला, कारण तो हलका, ताठ आणि स्वतःचे कंपन लवकर विझवणारा आहे. बांबूपासून कागद करणारी बल्लारपूरची गिरणी १९४५ ची. तिचा कागद शंकूंसाठी नव्हता. पण लगद्याची प्रतवारी म्हणजे काय हे जाणणाऱ्या या परिसराला एक गोष्ट सहज पटेल : ‘कागदी’ म्हणजे हलक्या दर्जाचे, हा समज खोटा आहे. आजही कित्येक उत्तम स्पीकरांचे शंकू कागदी लगद्याचेच असतात.

७/
आता प्रश्न पेटीचा. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढची व मागची लहर एकमेकींना भेटली की खालचे स्वर विझतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवावा. डग्गा जवळजवळ नाहीसा झालेला आढळेल. म्हणून मागची लहर कोंडावी लागते, हे पेटीचे पहिले काम. १९३० मध्ये बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी पुढची पायरी गाठली : मागची लहर नुसती कोंडू नये, मोजून केलेल्या छिद्रातून योग्य क्षणी पुढे सोडावी. त्याचे पेटंट १९३२ मध्ये मंजूर झाले. आज पेटीच्या पुढे किंवा मागे दिसणारी गोल नळी हा थुरास यांचा वारसा आहे.

८/
१९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी उलट मार्ग घेतला. त्यांची ‘एआर-१’ ही पेटी पूर्ण बंद होती आणि आत कोंडलेली हवाच शंकूची स्प्रिंग बनली. लहान पेटीतून खोल खर्ज निघाला. किंमत एवढीच की ॲम्प्लिफायरची ताकद अधिक लागू लागली. त्या काळातील अभियंते जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. खरेदी करणाऱ्याने हा नियम पाठ करून दुकानात जावे. तिन्ही देतो म्हणणारी जाहिरात त्याच क्षणी ओळखू येते.

९/
पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० च्या दशकाच्या आरंभी) यांनी पेटीचे घनफळ, छिद्राचे माप आणि शंकूचे गुणधर्म यांचे गणित बांधले. तोवर पेटी अंदाजाने होत असे. आता ती मोजून होऊ लागली. उभ्या पेटीला नवे रूप आले ते या गणिताच्या बळावर : पुढचा भाग अरुंद, उंची सुमारे एक मीटर, खोली भरपूर. स्टँडवर ठेवलेली छोटी पेटी जमिनीवर जेवढी जागा अडवते, जवळपास तेवढीच जागा उभी पेटी अडवते; मात्र स्टँडच्या जागचे घनफळही तिच्या पोटात जाते. उभ्या पेटीचा खरा लाभ हाच. उंचीचा दिमाख हा त्याचा केवळ परिणाम.

१०/
आता झाडीपट्टीकडे वळू. धानाची कापणी आटोपली की वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाट्यमंडळ्या बाहेर पडतात. शंकरपट आणि मंडईच्या दिवसांत गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. दंडारीच्या परंपरेत मुळे असलेल्या या रंगभूमीचा सन्मान २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने देशाने पाहिला. या मुलखाने संगीत ऐकले ते असे : थंडीत, गर्दीत, उघड्या आकाशाखाली. तेथील कर्णे आणि मोठे बॉक्स यांचे काम वेगळे आहे, आणि अनेक घरांची निवड चुकते ती या दोन कामांची गल्लत केल्यामुळे.

११/
हिशेब करून पाहू. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. एका मीटरवर ८८ डेसिबल देणारा घरगुती स्पीकर ३२ मीटरवरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचेतो ३० डेसिबल गमावतो. उरतात ५८, म्हणजे दोन माणसांच्या गप्पांइतका आवाज. तेथे कर्णाच हवा. घरात श्रोता अडीच मीटरवर बसतो; घट केवळ ८ डेसिबलची. एका वॅटमध्ये ८० डेसिबल कानावर पडतात, आणि घरात गाणे ऐकण्यासाठी ते भरपूर आहेत. १९९० च्या दशकात भारतीय बाजारात म्युझिक सिस्टीमवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅटचे आकडे छापले जात. क्षणभराचा कल्पित आकडा तो. ऐकण्याशी त्याचा संबंध नव्हता. लग्नातील डीजेच्या भिंतीवरून घरच्या स्पीकरची परीक्षा करणे ही त्याच चुकीची पुढची आवृत्ती होय.

१२/
घरांचाही इतिहास आहे. मातीच्या भिंती, लाकडी वासे आणि कौले असलेल्या जुन्या घरातून खालचे स्वर बाहेर झिरपत; घुमटपणा कमी राही. सिमेंटच्या भिंती, स्लॅब आणि गुळगुळीत फरशी आली आणि खर्ज घरात कोंडला. १० फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोली घ्या : तिन्ही दिशांचा पहिला अनुनाद ५६ हर्ट्झवर एकत्र येतो, आणि तो एकच स्वर बाकी सर्वांवर बसतो. डग्ग्याची मींड त्या ठिकाणी अडखळते. अशा खोलीत मोठी उभी पेटी ठेवणे म्हणजे पैसे देऊन घुमणे विकत घेणे. तेथे स्टँडवरील लहान जोडीच शोभते. १२ बाय १६ फूट किंवा त्याहून मोठ्या बैठकीत उभी पेटी आपले काम दाखवू शकते.

१३/
जागा ठरवण्याचेही गणित आहे. पेटीमागची भिंत अर्ध्या मीटरवर असेल, तर १७१ हर्ट्झच्या आसपास परतलेली लहर मूळ लहरीला मारते. पुरुषाच्या आवाजाचा भराव याच प्रदेशात असतो. पेटी भिंतीला चिकटवली तर खर्ज फुगतो. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच कर्ण्याचा भाग मानून पेटी रचली होती. ती कोपऱ्यासाठीच जन्मली होती. आजच्या बहुतेक उभ्या पेट्या तशा नाहीत. त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. मागे छिद्र असेल तर अधिकच. घरात तेवढी मोकळी जागा देता येणार नसेल, तर हे खरेदीपूर्वीच कबूल करावे.

१४/
आता साग. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेलकटपणामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही, आणि जंगलाच्या मुलखात हा गुण लहान नव्हे. इतर लाकडांच्या मानाने तो कमी फुगतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. दोन महिन्यांत तीच हवा पावसाने ओथंबते. अखंड फळी आडव्या दिशेने दरवर्षी आकसते व पसरते. सांधे हलतात, बंद पेटी गळू लागते आणि मोजून ठरवलेले घनफळ निरर्थक होते. शिवाय मोठी सलग फळी ठरावीक स्वरांवर स्वतःच बोलू लागते. वाद्यात हा गुण ठरला असता; येथे तो दोष आहे.

१५/
याचे उत्तर बीबीसीच्या संशोधन विभागाने दिले. डडले हारवूड यांच्या कामातून, १९७० च्या दशकात, एक वेगळीच पेटी पुढे आली : भिंती जाड करण्याऐवजी पातळ बर्च प्लायवूडच्या, आणि आतून डांबरी थराने मढवलेल्या. प्लायचे थर एकाआड एक दिशेने चिकटवलेले असल्याने ते हंगामागणिक कमी हलतात. डांबरी थर कंपन गिळतो. त्या काळातील बीबीसीच्या प्रसिद्ध ‘एलएस३/५ए’ पेट्या अनेकदा सागवानी वीनियरच्या असत. म्हणजे साग होता, पण मिलिमीटरभराहून पातळ कातडीपुरता. आवाजाची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

१६/
कारखान्यातील बहुतेक पेट्या आज एमडीएफच्या असतात. त्याची घनता सर्वत्र सारखी, म्हणून तो शांत राहतो. मात्र पाणी लागले की तो फुगतो आणि परत पूर्ववत होत नाही. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते आणि उभी पेटी त्याच फरशीवर उभी असते. म्हणून तिच्या खाली धातूचे पाय किंवा ग्रॅनाइटचा तुकडा हवाच. सुताराकडून करवून घ्यायची असेल तर पाण्याला टिकणारे चांगले प्लायवूड, आत आडवे आधार, घट्ट सांधे, आणि बाहेरून हवे तर सागाचे वीनियर. प्रत्येक स्पीकरचे घनफळ व छिद्राचे माप उत्पादक देतो. त्यात ‘थोडे मोठे करू’ असा बदल सुताराला करू देऊ नये.

१७/
एक बारीक पण निर्णायक गोष्ट. शंकूला कडेने धरणारी लवचीक कड फोमची की रबराची, हे अवश्य विचारावे. १९७० नंतर फोमच्या कडा सर्रास झाल्या. पॉलियुरेथेन फोम उष्ण, दमट हवेत हळूहळू सडतो आणि काही वर्षांत बोट लावताच भुगा होतो. ब्युटाइल रबराची कड कितीतरी अधिक टिकते. जुनी नामांकित जोडी स्वस्तात मिळत असेल तर जाळी काढून प्रथम ही कडच पाहावी. झळाळते वीनियर नंतर.

१८/
शेवटी परीक्षा. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत अनेक वर्षे पडद्याआडून स्पीकर ऐकवण्याचे प्रयोग केले. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक निष्कर्ष मांडला : तेच श्रोते, तेच स्पीकर, पण समोर दिसू लागताच गुण बदलतात. मोठी, देखणी पेटी वर जाते, लहान पेटी खाली येते. ऐकणाऱ्यांत अनुभवी माणसेही होती. १९०६ च्या महोगनी कपाटाने डोळ्यांना लावलेली सवय नव्वद वर्षांनंतरही कानांवर राज्य करत होती, असा याचा अर्थ.

१९/
चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. एवढा प्रवास करून दुकानात पोहोचल्यावर रिकाम्या हाती परतणे जिवावर येते, आणि दुकानदार हे जाणतो. म्हणून तयारीने जावे. स्वतःची तीन ध्वनिमुद्रणे न्यावीत : घरच्या माणसाइतका ओळखीचा एखादा आवाज, नुसता तंबोरा, आणि एकल तबला. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठे वाजणारे नेहमीच ‘चांगले’ वाटते. डोळे मिटावेत. शब्द स्पष्ट येतात का? डग्ग्याची मींड सलग उतरते की एका जागी फुगते? तासाभराने कान थकले का? शक्य असेल तर जोडी घरी ऐकून पाहण्याची मुभा मागावी. दुकानाची खोली आपल्याबरोबर घरी येत नाही.

२०/
तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर सुरेल होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. अनाम कारागिरांनी शतकांपूर्वी केवळ कानाने साधलेले ते काम होते. झाडीपट्टीच्या मंडपात रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकालाही असाच तयार कान मिळालेला असतो. कोणता नट सुरात आहे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. स्पीकर निवडताना तोच कान पुरेसा आहे. अडचण येते ती पेटी पाहून कानाला गप्प केल्यामुळे.

२१/
आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरचे एक वन कुऱ्हाडीपासून राखलेले आहे, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’. २०१४ मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तेथील उंच सागांखाली उभे राहिले की कळते, एवढ्या वाढीला किती पिढ्यांचा काळ लागतो. असे लाकूड दारांना शोभते, तुळयांना शोभते. गप्प बसण्याच्या कामासाठी ते कापण्याचे कारण नाही. ते काम प्लायवूड अधिक चांगले करते. उभी पेटी अवश्य घ्यावी, खोली तेवढी असेल तर. तिच्या अंगावर सागाची पातळ कातडी असली तर तोही आपल्या मुलखाचा मान. आत मात्र लाकूड मुके असावे, म्हणजे खर्जाची तार बोलेल.

(धागा समाप्त. आपल्या घरी जुना रेडिओग्राम किंवा भोंग्याचा ग्रामोफोन असेल, तर तो कोणत्या लाकडाचा आहे आणि घरात कोणी आणला, हे वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहावे.)